अर्धा आटा सैल

रिबेकाबाईंना कुठलीही बातमी सांगायला गेलं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "बघितलंस का, की ऐकलंस?" ऐकलं म्हटलं की त्यांचा त्या बातमीतला रस संपला. मग सांगणारा सरपंच असो नाहीतर देवळातला गुरव. एकदा आमच्या वरसे गावातला एक म्हातारा गेला म्हणून कोणी सांगितलं. आळीतली माणसं खांद्यावर पंचे टाकून निघाली. बाई छत्री घेऊन सगळ्यांच्या आधी पोचल्या, तर म्हातारा ओटीवर बसून पेज पीत होता. परत येताना वाटेत भेटलेल्या माणसांना बाई म्हणाल्या, "जा, जा. त्याची पेज झाली की सावकाश उचला."

माझी बायको इंदू गेली त्याला आता आठ महिने झाले. बाई परदेशात, त्यांना मी अजून कळवलेलं नाही. गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं, इंदूच्या नावावर. उत्तर लिहायला बसलो की दोन ओळींच्या पुढे हात जात नाही. कळवलं तर त्या तेच विचारणार, आणि मला लिहावं लागणार की बघितलं, बाई. तेवढ्यात वाचनालयातली मंडळी आली. म्हणाली, म्हात्रे, तुमच्या शेजारी होत्या, आमच्या अंकाला बाईंवर चार पानं लिहा. मी चौथी शिकलेला. आधी मिठागरात, मग धाटावच्या केमिकल कंपनीत हेल्पर. मी काय लिहिणार? पण पत्रापेक्षा हे सोपं, म्हणून लिहितो.

बाई इस्रायली, ज्यू धर्माच्या. म्हणजे आमच्याच कोकणातल्या, पेणच्या बाजूच्या. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि तो शनवारी बंद असायचा, म्हणून जुनी माणसं त्या लोकांना शनवारतेली म्हणायची. भाषा आमचीच, भातही आमच्याच खाचरातला. बाईंनी रोह्याच्या शाळेत तीस वर्षं सायन्स आणि गणित शिकवलं. लग्न केलं नाही. का नाही केलं, ते कोणी विचारलं नाही, कारण विचारणाऱ्यालाच त्या चार प्रश्न विचारून घरी पाठवायच्या. भाऊ, बहीण एकेक करून तिकडे इस्रायलला गेले. बाई राहिल्या. रिटायर झाल्यावर वरशाला आमच्या बाजूची खोली घेतली. भिंतीला भिंत. अकरा वर्षं.

शाळा सुटली तरी कनवटीचा खडू सुटला नाही. बोलता बोलता तो बाहेर यायचा आणि जे समोर असेल त्यावर चालायचा. आमच्या अंगणातली फरशी, पाण्याची टाकी, एकदा तर माझ्या सायकलची सीट. मी तसाच शिफ्टला गेलो, पँटच्या मागं अर्धं गणित घेऊन.

त्यांच्या हातचा स्वयंपाक वाईट होता. मेलेल्या माणसाविषयी बोलतात तसं उगाच गोड बोलायला त्या काही मेलेल्या नाहीत, म्हणून लिहितो. इंदू खाडीची ताजी कोलंबी घेऊन जायची तर ती खायच्या नाहीत.

"गो इंदू, ज्याला खवलं नाय ते आमच्यात चालत नाय."

"मग कोलंबीला सालं हायत ना, बाई."

"सालं तर कांद्याला पण हायत."

इंदू पुढच्या वेळी खवल्यांचा मासा, बोय, घेऊन गेली. बाईंनी खवलं मोजल्यासारखी बघून घेतली आणि मग तिचं असं काय वाटोळं केलं की इंदू घरी येऊन म्हणाली, त्या बोयीला खाडीतच सुख होतं.

शुक्रवारी दिवस बुडायच्या आत बाईंचा स्टो बंद व्हायचा तो शनवारी दिवस बुडेपर्यंत. चहा नाही की पाणी गरम करणं नाही. आणि दुसऱ्याला 'मला करून दे' असंही सांगायचं नाही, कारण सांगितलं तर ते काम करवून घेतल्यासारखंच. हे इंदूला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं ते दोन-तीन शनवारात बघून ओळखलं. मग शनवारी सकाळी पितळी घेऊन बाईंच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "माझा चहा जास्त झालाय, बाई. टाकून देऊ का?" बाई म्हणायच्या, "टाकू नको गो." अकरा वर्षं दर शनवारी इंदूचा चहा जास्त झाला. दोघींतली एकही त्यावर कधी हसली नाही. आता माझा रोजच जास्त होतो.

बाईंचा पुतण्या तिकडून इंग्रजी मासिकं पाठवायचा. बाई भिंग घेऊन ती दुपारी आमच्या ओटीवर वाचायच्या, कारण आमच्या ओटीवर वारा होता. नव्वदच्या पुढची वर्षं. एका दुपारी त्यांनी मासिक मांडीवर आपटलं आणि म्हणाल्या, "म्हात्रे, हे बघा, पळतायत."

"कोण?"

"मेलेले तारे."

मग त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. सूर्यापेक्षा कितीतरी मोठा तारा असतो. त्याच्या पोटातलं जळण संपलं की पोट एकदम आत बसतं आणि बाहेरचं सगळं फुटून उडून जातं. मधे एक गोळा उरतो. केवढा? रोह्यापासून नागोठण्यापर्यंत मावेल एवढाच. पण वजनाला सूर्याहून जड. डोळ्याला दिसत नाही, पण गरगर फिरतो आणि ठरल्या वेळी टिकटिक पाठवतो, ती मोठ्या तबकड्या लावून ऐकतात. इथपर्यंत बाईंना आधीच माहीत होतं. नवीन गोष्ट ही होती की माणसांनी ह्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली, आधी कुठं होता, आता कुठं आहे ते मोजलं, आणि ते सगळे भन्नाट पळताना सापडले. आधी वाटलं होतं त्याच्याहून जास्त.

"किती जास्त?" इंदूनं तांदूळ निवडता निवडता विचारलं.

"तू हं म्हणेपर्यंत रोह्याहून कोल्हापूर."

"हं," इंदू म्हणाली. "पोचला?"

"पोचून पुढं गेला. आता प्रश्न असा, गो, की त्याला ढकललं कोणी? आजूबाजूला तर कोणी नाय."

मी म्हणालो, देवानं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.

मग बाईंनी इंदूला अंगणात ओढली आणि फुगडी घालायला लावली. एक साठीची, एक पन्नाशीची. गरगर दोन वेढे झाले आणि बाईंनी न सांगता हात सोडले. बाई गेल्या टाकीवर, इंदू गेली पेंढ्याच्या भाऱ्यावर, आणि तिथं पडून ती इतकी हसली की कुत्रं भुंकायला लागलं.

धापा टाकत बाई म्हणाल्या, "काही लोक म्हणत होते, हे असं. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. एक फुटला की हात सुटतो, दोघं दोन दिशांना. पण ह्यानं एवढा वेग येत नाय. तू बघ ना, पेंढ्यापर्यंतच गेलीस. कोल्हापूरला जायला दुसरं काहीतरी पायजे."

दुसरं काय, ते त्यांनी फरशीवर काढलं. तारा फुटताना चारी बाजूंनी सारखा फुटला तर मधला गोळा जागच्या जागी राहील. पण एका अंगाला जास्त उडालं तर गोळा उलट अंगाला फेकला जाणार. त्याला दुसऱ्या कोणी ढकलायला नको. होडीतून उडी मारली की होडी मागे जाते, तसं. इंदूनं विचारलं, म्हणजे हे नक्की का? बाई म्हणाल्या, "नक्की नाय. एका अंगाला जास्त का उडावं, काय उडावं, त्यावर अजून भांडतायत." त्यांना माहीत नसलेली गोष्ट त्या अशा खुशीत सांगायच्या की आपल्याला वाटावं, ह्यांना लॉटरी लागली.

आता ड्रमचं. आमच्या कंपनीत कामातला उरलेला घाण माल लोखंडी ड्रममध्ये भरून ते ड्रम यार्डात फळ्यांवर उभे ठेवायचे. उन्हाळ्यात तो माल आतल्या आत फुगतो, वायू सोडतो. म्हणून आमची पद्धत अशी की पान्यानं बूच आवळायचं आणि मग अर्धा आटा सैल सोडायचं, म्हणजे वायू फुसफुसत निघून जातो. वास येतो, पण ड्रम शांत राहतो. हे कुठल्या कागदावर नव्हतं. हेल्पर हेल्परला सांगायचा.

इंदूचा धाकटा भाऊ नारायण त्या यार्डात हेल्पर होता. घरात बायको, आई आणि दोन लहान मुली, कमावणारा तो एकटा. कामाला वाघ, पण मस्तीखोर. भरलेला ड्रम कडेवर तिरका करून नुसत्या पायानं गडगडवत न्यायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत पोरांबरोबर ड्रमच्या शर्यती लावायचा. त्यावरून एकदा त्याला ताकीदही मिळाली होती.

मे महिन्यात एका दुपारी यार्डातला ड्रम फुटला. धडाड आवाज झाला आणि ड्रम शंभर पावलांवर गेटापाशी वॉचमनच्या केबिनीवर सापडला. छप्पर आत. वॉचमन चहाला गेला होता म्हणून वाचला, त्याच्या स्टुलाचा भुगा झाला. कंपनीनं दुसऱ्या दिवशी नारायणच्या हातात कागद ठेवला. म्हणणं असं की ह्यानं नेहमीसारखी मस्ती करून ड्रम उतारावरून गडगडत सोडला, तो गेटाच्या खांबावर आपटून तिथं फुटला आणि उडून छपरावर पडला. चौकशी होणार आणि चौकशीनंतर घरी. सगळ्या कंपनीला ते खरं वाटत होतं. खरं सांगायचं तर मलासुद्धा.

नारायण संध्याकाळी आमच्याकडे येऊन भिंतीला टेकून बसला. "ताई, मी नाय ढकललं गो. आईच्यान. मी तर तवा पाणी प्यायला गेलो व्हतो."

"मग शंभर पावलं गेला कसा तो?" मी विचारलं. "पाय फुटले त्याला?"

भिंतीला भिंत, त्यामुळे बाई न बोलावता आल्या. त्यांनी नारायणला समोर बसवला.

"ड्रम उभा होता तिथं आता काय आहे? बघितलंस का, की ऐकलंस?"

"बघितलं, बाई. जमीन पिवळी पडलीय. हा एवढा गोल डाग. आनि ड्रमचा तळ तिथंच हाय, मोडलेल्या फळ्यांखाली."

"आणि गेटापाशी डाग?"

"नाय. चार थेंब."

बाईंनी कनवटीला हात घातला, पण खडू काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टच्या बसनं माझ्याबरोबर धाटावला आल्या, छत्री टेकत कंपाउंडच्या तारेशी उभ्या राहिल्या आणि डाग स्वतःच्या डोळ्यांनी बघून दहाच्या एस.टी.नं परत गेल्या.

चौकशी घेणारा साहेब दिलीप सावंत. तो रोह्याचा, बाईंचा विद्यार्थी. म्हणून तर बाहेरच्या बाईला गेटातून आत सोडली. चौकशीच्या दिवशी बाई खोलीत आल्या तशी तो खुर्चीतून उठला आणि मग आपण कशाला उठलो असं वाटून परत बसला. नारायणच्या बाजूनं बोलायला कामगारातला एक माणूस लागतो, तो मी होतो. मी दोन वाक्यं बोललो आणि तिसरं विसरलो.

बाई म्हणाल्या, "दिलीप, नारायणनं ड्रम ढकलला हे तू बघितलंस का, की ऐकलंस?"

"बाई, रिपोर्ट आहे ना."

"म्हणजे ऐकलंस. वाचणं पण ऐकणंच असतं, बाळा."

शिपाई दाराशी खोकला. बाईंनी पिशवीतून औषधाच्या गोळ्यांची प्लास्टिकची डबी काढली, दाबून बसणाऱ्या झाकणाची. त्यात लिंबू पिळलं, कागदाच्या पुडीतला खायचा सोडा टाकला, झाकण दाबलं आणि डबी झाकणावर उलटी करून साहेबाच्या फायलीवर ठेवली. साहेब म्हणाला, "बाई, हे काय—" आणि फट्. डबी पंख्याला लागून कपाटामागं गेली. फायलीवर झाकण राहिलं आणि लिंबाच्या फेसाचा गोल डाग.

"डबी कुठं आहे?"

"कपाटामागं."

"फुटली कुठं?"

साहेबानं फायलीकडे बोट केलं.

"ढकलली कोणी?" बाईंनी विचारलं. "तारे असेच पळतात, दिलीप. गोळा लांब गेलेला असतो, पण फुटल्याचा धूर मागं राहतो. धूर कुठं आहे ते बघून कळतं, गोळा कुठून निघाला. तुमचा ड्रम गेटापाशी फुटला असता तर डाग आणि तळ गेटापाशी पायजे होते. तो उभ्याचा उभा फुटला, तळातून. खाली माल गेला, वर ड्रम गेला."

नारायण सुटला. मला उठून बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पण बाई तिथं थांबल्या नाहीत. खुर्ची वळवून त्यांनी विचारलं, "आता तू सांग, नारायण. बूच कोणी आवळलं?"

नारायणनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

"मी आवळलं."

"पूर्ण?"

"पूर्ण. पाव्हणे येणार व्हते कंपनी बघायला. फोरमन बोलला, वास येता कामा नये. सगळी बुचं आवळ."

"अर्धा आटा सैल ठेवायचा, हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"आज त्या यार्डात किती ड्रम आवळलेले आहेत?"

"सगळेच, बाई."

सावंत साहेब उठून बाहेर गेला. दहा मिनिटांत यार्डात पाने घेऊन माणसं धावली. तेव्हा मला कळलं की बाईंनी तो प्रश्न कोणासाठी विचारला होता. पण नारायणला ते कळायला वेळ लागला. त्याची नोकरी राहिली, पंधरा दिवसांचं सस्पेन्शन मिळालं. फोरमनला काही झालं नाही, नुसता दुसऱ्या प्लँटात टाकला. असंच असतं.

नारायण आमच्या अंगणात उभा राहून ओरडला, "जिंकलेली केस बाईंनी घालवली!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "केस कसली रे? मी तुझी वकील नाय. ड्रम कुठं फुटला ते सांगायला आले होते, का फुटला ते पण सांगायला नको?"

त्या दिवसापासून नारायण बाईंशी बोलेना. आमच्याकडे आला तर बाईंच्या दारावरून मान वळवून जायचा. इंदूनं भावाचीही बाजू घेतली नाही आणि बाईंचीही नाही. शनवारी चहा जास्त होत राहिला. मात्र यार्डातल्या भिंतीवर कोणीतरी ऑइलपेंटनं लिहिलं, 'बूच अर्धा आटा सैल.' अक्षर वाकडं होतं आणि नारायणचं होतं.

दोन वर्षांनी बाई जायला निघाल्या. भाऊ आजारी, त्याला बघायला कोणी नाही, असं त्यांनी सांगितलं. ते खरं असेल. पण निघायच्या आधी त्या आम्हाला पेणला घेऊन गेल्या, त्यांच्या देवळात. मलिदा केला होता, भिजवलेले गोड पोहे, वर खोबरं आणि फळं. त्यांच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्या दिवशी सात होते. सात जण दाराकडे बघत अर्धा तास थांबले. मग जे दहांशिवाय म्हणता येतं तेवढंच म्हणाले. मी बाहेर ओट्यावर बसून होतो. माणसं मोजली, आणि आपण धरून आठ होतात असं उगाच डोक्यात आलं.

त्याच दिवशी संध्याकाळी पेणच्या एस.टी. स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत बसलो. दोघी बाकावर शेजारी शेजारी. इंदू म्हणाली, "बाई, एक विचारू? तुमाला कोणी ढकललं, का हात सुटला?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला.

"नक्की नाय माहीत गो," म्हणाल्या. "अजून भांडतायत."

गाडी लागली तेव्हा नारायण आला. पहिली शिफ्ट करून, कंपनीच्या कपड्यात, घामानं थबथबलेला. कोणाशी न बोलता त्यानं बाईंची ट्रंक टपावर चढवली आणि दोरीनं बांधली. खाली उतरून पिशवीतून काचेची बरणी काढली. आंब्याचं लोणचं, त्याच्या आईच्या हातचं.

"बाई, ही हातात धरा, ट्रंकेत नको. झाकण अर्धा आटा सैल ठेवलंय. वर इमानात हवा पातळ असते, बरणी फुगंल."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. "इमान बघितलंस का, की ऐकलंस?"

"इमानाचं ऐकलं," नारायण म्हणाला. "ड्रम बघितलाय."

बाई बरणी घेऊन गाडीत चढल्या. इंदूनं खिडकीतून हात घालून त्यांचा पदर बरणीपासून बाजूला केला, तेल लागेल म्हणून. घंटी झाली. इंदूनं हात हलवला, मी हलवला, नारायणनं डोक्यावरची टोपी काढून हलवली. बाईंनी हात हलवला नाही. त्यांनी बरणी मांडीवर उभी धरली होती, दोन्ही हातांनी, आणि गाडी वळेपर्यंत त्यांची नजर झाकणावर होती.